पुस्तकाची घडी आणि कोपरखैरण्याची गल्ली

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांचं फोटोबुक मी काढलं असं कुणी म्हटलं की मी हसून मान डोलावते, पण ते अर्धंच खरं आहे. फोटो माझे. पुस्तक मात्र मी, ठाण्याच्या नौपाड्यातली माझी डिझायनर मैत्रीण आणि तुर्भ्याच्या एका प्रेसमधला मशीनमन, अशा तिघांचं. त्यातही सगळ्यात जास्त चाललं ते २० बाय ३० इंचाच्या कागदाचं. कुठला फोटो आत राहणार आणि कुठला घरी परत जाणार, यावर शेवटचा शब्द त्याचाच होता.

पोटापाण्यासाठी मी कंपन्यांच्या मालाचे फोटो काढते. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या एमआयडीसीच्या पट्ट्यात फिरायचं, व्हॉल्व्ह, पंप, गिअरबॉक्स पुसून उजेडात मांडायचे आणि कॅटलॉगसाठी टिपायचे. या कामात रांग ठरलेली असते. फोटोग्राफर फाइल पाठवतो, डिझायनर पान लावतो, प्रेसवाला छापतो. कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. फोटोबुकच्या वाटेला लागले तेव्हा माझ्या डोक्यात हीच रांग होती. प्रत्यक्षात निर्णय शेपटाकडून तोंडाकडे येत गेले. बांधणीने कागद ठरवला, कागदाने रंग, आणि रंगाने फोटो.

विषय माझ्या रोजच्या वाटेवरचा. मसजिद बंदरच्या बाजूचे घाऊक बाजार खाडी ओलांडून वाशी-तुर्भ्याला आले, तसे त्यांच्यामागून माथाडीही आले. बरेचसे साताऱ्या-सांगलीकडचे. पाठीवर पोती वाहणाऱ्या या माणसांना १९६९ च्या माथाडी कायद्याने बोर्ड, म्हणजे त्यांचं मंडळ, दिलं, नोंदणी दिली, आणि पुढे कोपरखैरणे-घणसोलीच्या बाजूला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची बैठी घरं मिळाली. भिंतीला भिंत लागलेली, अरुंद दर्शनी बाजूची. आज त्यातलं बैठं घर शोधावं लागतं. मुलांची लग्नं झाली तसा वर मजला चढला, त्यावर आणखी एक, बाहेरून लोखंडी गोल जिना, गच्चीवर काळी टाकी. पुढची भिंत पोपटी, नाहीतर राणी, नाहीतर मोरपंखी. एका दारावर ‘श्री सेवागिरी महाराज प्रसन्न’, शेजारी ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’. पत्ता नवी मुंबईचा, चौकट गावाकडची.

त्याचबरोबर मी वाशीच्या सेक्टर ९-१० मधल्या सिडकोच्या जुन्या इमारतीही टिपत होते, ज्यांना तिथले लोक जेएन-वन, जेएन-टू म्हणूनच ओळखतात. पुनर्विकासात त्या जाणार हे दिसत होतं. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज मात्र मुद्दाम सोडलं. सात-सात घरांत एकेक अंगण ठेवून चार्ल्स कोरियांनी रचलेली ती वसाहत छान आहे यात वाद नाही, पण आर्किटेक्चर कॉलेजच्या मुलांनी तिचे इतके फोटो काढलेत की तिथल्या मांजरांनाही आता पोझ देता येते.

माझ्या मनातलं पुस्तक असं होतं: चौकोनी, १० बाय १० इंच, जाड चकचकीत कागद, ‘सिडकोची घरं’ असा मोठा आवाका, वाशीपासून ऐरोलीपर्यंत. स्टेशनजवळच्या लॅबमधून चार बाय सहाचे प्रिंट काढून घेतले आणि गठ्ठा घेऊन नौपाड्यात मैत्रिणीकडे गेले. ती जेजे अप्लाइडची, म्हणजे मुंबईच्या जेजे उपयोजित कला संस्थेत शिकलेली. ब्रोमाइडचे छापील कागद कापून रबर सोल्यूशनने पानं चिकटवायच्या काळात तिचा हात तयार झालाय. स्क्रीनवर फोटो दाखवायला गेलं तर बघत नाही. तिने हॉलमधलं टीपॉय बाजूला सारलं, सगळे प्रिंट फरशीवर पसरले आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग एकेक फोटो उचलून सोफ्यावर ठेवायला लागली. मला वाटलं, निवडतेय.

“हे निवडलेले?” मी विचारलं.

“हे बाद.”

सोफ्यावर माझे सगळ्यात लाडके फोटो होते. पावसाळी आभाळाखालची वाशीची अख्खी इमारत, बाल्कनीबाल्कनीत वाळणारे कपडे. एका प्रदर्शनात लोक थांबून बघायचे तो. “हा भिंतीवर लाव,” ती म्हणाली. “हा एकटाच सगळं बोलून टाकतो. शेजारच्या पानाला काही बोलायला ठेवत नाही. पुस्तकात मला अर्धं वाक्य बोलणारे फोटो पाहिजेत.”

मी वाद घातला. ती म्हणाली, वाद नंतर, आधी प्रेसमध्ये जाऊन शीट विचारून ये.

कॅटलॉगच्या कामात शीटशी माझा कधी संबंध आला नव्हता. प्रेसच्या शेठनी कागदाच्या पाठीवर पेन्सिलने चौकटी काढून दाखवल्या. त्यांच्या मशीनला २० बाय ३० चा शीट सोयीचा. त्यावर एका बाजूला ८ पानं, दोन्ही बाजू मिळून १६, म्हणजे एक फर्मा. मशीनच्या चिमट्याला धरायला थोडी कड जाते, रंग तपासायच्या पट्टीला, म्हणजे कलर बारला, थोडी, कापायला थोडी. उरतं ७ बाय सव्वानऊ इंचाचं उभं पान. माझ्या चौकोनी पुस्तकाचं काय? त्याच शीटवर एका बाजूला जेमतेम २ पानं बसतात, बाकी कागद रद्दीत. २३ बाय ३६ वर गेलं तर ६ बसतात, तरीही मोठी पट्टी वाया आणि घडी आडमुठी. “पैसे कागदाचे द्यायचे आणि कागद कचऱ्यात टाकायचा, तुमची मर्जी,” शेठ म्हणाले.

तर पान उभं. आणि उभ्या पानावर आडवी वाशीची इमारत ठेवायची तर ती एकतर टपाल तिकिटाएवढी होते, नाहीतर मधल्या घडीत घुसते. कोपरखैरण्याची घरं मात्र मुळातच उभी. अरुंद प्लॉट, वर चढत गेलेले मजले. ७ बाय सव्वानऊमध्ये अशी बसली की जणू सिडकोने प्लॉट पाडताना शेठनाच विचारलं होतं. त्या संध्याकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली आणि घणसोली येईपर्यंत मी मनातल्या मनात वाशी सोडून दिली.

मग मैत्रिणीने तिचा डाव टाकला. “गल्ली कशी आहे? दोन्ही बाजूंना घरं, मध्ये वाट. उघडलेलं पुस्तक कसं असतं? दोन पानं, मध्ये घडी. डावीकडे गल्लीच्या डाव्या बाजूचं घर, उजवीकडे त्याच्या बरोबर समोरचं. घडी म्हणजेच गल्ली. पान उलटलं की आपण दोन घरं पुढे.”

हे ऐकल्यावर जे काही आधी केलं होतं ते पुन्हा करायचं होतं, कारण समोरासमोरच्या जोड्या माझ्याकडे फारच थोड्या होत्या. ती कपाटातून एका पुस्तकाची झेरॉक्स काढून घेऊन आली. एड रुशे हा अमेरिकी चित्रकार आधी जाहिरात कंपनीत लेआउट करायचा. त्याने १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या एकूणएक इमारती एका लांब घडीच्या पट्टीत छापल्या: रस्त्याची एक बाजू वर, दुसरी खाली उलटी, उलगडली की साडेसात मीटरच्या आसपास. “फोटो म्हणून त्यातला एकही बघण्यासारखा नाही,” ती म्हणाली, “आणि पुस्तक म्हणून ते हातातून खाली ठेवावंसं वाटत नाही.” दयानिता सिंह यांचंही तिने सांगितलं. त्या शिकल्या अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत, व्हिज्युअल कम्युनिकेशन. आणि २००८ मध्ये त्यांनी डबीत बसणारी घडीची सात छोटी पुस्तकं केली, जी टेबलावर उभी केली की घरातल्या घरात प्रदर्शन. मला तोवर दयानिता सिंह फक्त फोटोग्राफर म्हणून माहीत होत्या. पुस्तकाची घडी हासुद्धा फोटोग्राफरचा विचार असू शकतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आता समोरासमोरच्या घरांचे फोटो काढायचे तर उभं कुठे राहायचं? गल्ली इतकी अरुंद की मागे सरकलं की पाठ भिंतीला. एकच जागा होती, समोरच्याचा गोल जिना. म्हणजे पोपटी घर राणी घराच्या जिन्यावरून, आणि राणी घर पोपटी घराच्या जिन्यावरून. दोघांची परवानगी लागणार, दोघांकडे चहा होणार. एका दारात मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. “कशापायी काढतीस फोटू? म्युन्शिपाल्टीची हायस का?” हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक दारात भेटला. वाढीव मजल्यांचं काय होणार ही धास्ती तिथे कायमची वस्तीला आहे. घराचा सरळ, स्वच्छ, पत्त्यासकट फोटो म्हणजे नोटिशीला जोडायचा पुरावाच की.

या एका गोष्टीने पुस्तकातला मजकूर ठरला. सेक्टर नंबर नाही, घर नंबर नाही, फोटोखाली ओळ नाही. मैत्रिणीने नकाशाची कल्पनाही सोडून दिली, जी तिला फार आवडली होती. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं घर नाही, आणि गल्लीत त्याच्या समोरचंही नाही, कारण जोडीच मोडली. काही ठिकाणी मात्र आम्ही डावं पान कोरं सोडलं आणि उजवीकडे घर ठेवलं. त्या कोऱ्या पानांबद्दल पुढे लोकांनी विचारलं की छपाई राहिली का. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. त्या गल्लीत राहणाऱ्यांना तर लगेच.

जिन्यावरून वाइड लेन्सने काढलं की भिंती वर निमुळत्या होतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ केल्या की कडेचा भाग कापला जातो. कॅटलॉगच्या सवयीने मी फ्रेम ठासून भरते. इथे चारी बाजूंनी सैल सोडून काढायला लागले. शिवाय कापताना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कडेबाहेर जास्त छापलेला भाग, जाणार, घडीत आणखी थोडं. पान माहीत असल्याशिवाय फोटो काढताच येत नव्हता. पुढे तर मी व्ह्यूफाइंडरमध्ये बघतानाच विचार करायचे की हे घर डावं आहे, दार उजव्या कडेला आहे, म्हणजे दार घडीकडे येईल. बरं झालं. दारं गल्लीकडेच उघडायला हवीत.

घडी म्हणजे गल्ली म्हटल्यावर पुस्तक सपाट उघडायला हवं, नाहीतर गल्ली अर्धी गिळली जाणार. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे नुसता गोंद, बाद झालं. प्रत्येक फर्मा दोऱ्याने शिवायचा आणि पाठ उघडीच ठेवायची, असं ठरलं. पण माझा लाडका १७० जीएसएमचा जाड, चकचकीत आर्ट पेपर १६ पानी फर्म्यात तीनदा दुमडला की घडीवर त्याचा थर तडकतो आणि पान कमानीसारखं उभं राहतं. बाइंडरने हलका, अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला, नॅचरल शेडचा कागद सुचवला. वर त्याने एक गोष्ट करून दाखवली जी मी आता येईल त्याला दाखवते. नमुन्याच्या कागदाची एक पट्टी उभी फाडली: चीर दोरीसारखी सरळ गेली. मग आडवी फाडली: वाकडीतिकडी, दातेरी. “सरळ फाटतो ती ग्रेन, कागदातल्या धाग्यांची दिशा,” तो म्हणाला. “ग्रेन पाठीला समांतर पाहिजे. नाहीतर पुस्तक उघडायला कुस्ती खेळावी लागेल.” आमच्या शीटवर पाठ २० इंचाच्या बाजूने येत होती, आणि व्यापाऱ्याकडे पडलेला माल लांब बाजूच्या ग्रेनचा. आखूड बाजूच्या ग्रेनचा कागद मागवावा लागला आणि छपाई तेवढी पुढे गेली.

अनकोटेड कागद शाई पितो. ठिपका पसरतो, सावल्या भरून येतात, रंग बसका होतो. आणि माझ्या फोटोत काय होतं? पोपटी, राणी, मोरपंखी. हे रंग स्क्रीनवर लखलखतात, कारण स्क्रीन उजेडाने रंगवते. निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चार शायांनी चकचकीत कागदावरही ते पुरते येत नाहीत, मग पिणाऱ्या कागदावर काय येणार. प्रेसकडे रंगांचा प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कुठला रंग कसा उतरेल याचं कोष्टक, मागितला तर उत्तर, “पीडीएफ द्या, बाकी मशीनवर बघू.” आम्ही कोटेडसाठी वापरतात तो फोग्रा ३९ नावाचा प्रोफाइल सोडून अनकोटेडचा फोग्रा ४७ घेतला, शाईची एकूण मर्यादा खाली आणली, सावल्या उचलल्या. पाचवी खास शाई मारली असती तर पोपटी जमला असता, पण घरं काही एकाच रंगाची नव्हती आणि पैसा तर नव्हताच. तो एक खास पोपटी आम्ही फक्त कव्हरसाठी राखला.

इथे पुन्हा फोटो गळले. ज्यांचा जीव रंगातच होता ते कागदावर मेले. ज्यांत जिना, ग्रिल, तारेवरचं फडकं, गंज, प्लॅस्टरचा पोत होता ते त्याच कागदावर उलट भरून आले; भिंतीचा खडबडीतपणा आणि कागदाचा खडबडीतपणा एक झाला. स्क्रीनवर मी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं अशी काही घरं, आधी छापून बघितलेल्या टेस्टच्या शीटवरून थेट पुस्तकात आली. फोटो निवडायचं काम खरं तर त्या टेस्टच्या शीटवर झालं, आणि त्यासाठी प्लेटांचा, म्हणजे ज्यांवरून छापतात त्या पत्र्यांचा, वेगळा खर्च गेला तो मला आजही वसूल वाटतो. कुणी विचारलंच तर मी सांगते, डिझायनरची फी कमी करा, प्रकाशनाचे वडे कमी करा, पण टेस्ट करा. मैत्रिणीला यातला पहिला भाग मान्य नाही.

आता फर्म्याचं गणित, जे पूर्ण अनुभवात मला सर्वांत रंजक वाटलं. १२८ पानं म्हणजे ८ फर्मे. १६ पानी फर्म्यात ४ आणि ५, ६ आणि ७ अशा समोरासमोरच्या पानांच्या जोड्या शीटच्या एकाच बाजूला येतात, म्हणजे एकाच वेळी छापल्या जातात. पण १६ पहिल्या फर्म्यात आणि १७ दुसऱ्या. त्या वेगळ्या वेळी, कदाचित वेगळ्या दिवशी छापल्या जाणार. रंग जुळेलच याची खात्री नाही. म्हणून १६-१७, ३२-३३, ४८-४९ या जागी जोडीची घरं ठेवायची नाहीत असं मैत्रिणीने आधीच ठरवलं. तिथे गल्ली संपते, नाका येतो. नाक्यावर तिने एका पानावर मजकूर आणि एका पानावर कोरी जागा ठेवली. आणि प्रत्येक फर्म्यात एकच जोडी अशी असते की जिथे कागद सलग आहे, मध्ये तुकडा नाही: ८-९, २४-२५, ४०-४१. अख्ख्या गल्लीचा आडवा फोटो घडीवरून नेता येतो तो तिथेच. म्हणजे पुस्तकात आडवे फोटो किती? फर्मे ८, म्हणून ८. मी १२ दिले होते. पुस्तकाला जी लय आहे असं लोक म्हणतात, ठरावीक अंतराने श्वास सुटल्यासारखा मोठा फोटो येतो, ती लय घडी घालणाऱ्या यंत्राने दिलेली आहे. आम्ही ती फक्त नाकारली नाही.

अक्षरांबाबत तिचा हट्ट साधेपणाचा. दारादारांवर रंगाऱ्याने काढलेली अक्षरं इतकी नखरेल होती की पुस्तकात आणखी नखरा नको. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घेतला, छोट्या आकारात. मजकूर निव्वळ काळ्या शाईत, कारण चार रंगांत छापलेली बारीक वेलांटी जरा रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, हललं की धूसर होते. आणि गडद रंगावर पांढरी अक्षरं हा प्रकार या कागदावर बंदच. रफारात शाई भरते. १८४३ मध्ये ॲना ॲटकिन्स या इंग्लिश बाईंनी शेवाळांची सायनोटाइप छापून पुस्तक करायला घेतलं तेव्हा नावंही हाताने लिहून त्याच निळ्या रसायनात उमटवली होती. अक्षर आणि चित्र एकाच क्रियेत. आम्हीही शेवटी दोन्ही एकाच प्लेटवर घालत होतो, तेव्हा अक्षराने चित्राला सांभाळून घेतलंच पाहिजे, हे मैत्रिणीचं म्हणणं मला पटलं.

छपाई रात्रपाळीला. एकूण ६४ प्लेटा: ८ फर्मे, दोन बाजू, चार रंग. १०० प्रती काढा नाहीतर १०००, प्लेटांचा खर्च तेवढाच. म्हणून ५०० काढल्या. त्याहून कमी असत्या तर डिजिटलवरच गेले असते. प्रेसमधला उजेड पिवळट होता, म्हणून कॅटलॉगच्या कामाचा माझा ५००० केल्व्हिनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा, दिवा मी सोबत नेला होता. शीट बघायच्या टेबलावर तो लावला तसा मशीनमन पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. कोकणातला माणूस, बोलायला कमी, कानात कापूस.

दुसऱ्या फर्म्याच्या पहिल्या बऱ्या शीटवर पान २१ वरचं राणी घर फिकं वाटलं. मी म्हटलं, लाल जरा वाढवा. तो हात पुसत आला, शीटवर बोट ठेवून २१ वरून सरळ रेषेत खाली २० वर आणलं. “मॅडम, शाई या पट्टीत अशी सोडली जाते. तुमचं राणी आणि हे पोपटी एकाच पट्टीत हायत, डोक्याला डोकं लावून. वरचं लाल केलं की खालचं पोपटी मळकं होणार.” २० आणि २१ म्हणजे दुसऱ्या फर्म्यातली ४ आणि ५ ची जागा, आणि ती तशीच असते, समोरासमोरची घरं शीटवर एका रकान्यात. गल्लीत ज्यांचे जिने एकमेकांच्या उजेडात येतात, त्यांचा इथे शाईवरून तंटा. मी मैत्रिणीकडे पाहिलं, तिने भिंग काढलं. मग मशीनमननेच मार्ग काढला. रंग विसरा, म्हणाला, दोन्ही घरांच्या पांढऱ्या चौकटी बघा. त्या पांढऱ्या राहतील इथवर लाल नेतो, पुढे नाही. त्याने बटणं दाबली, पन्नासेक शीट वाया जाऊ दिले, आणि एक काढून दिला. राणी पुरतं राणी झालं नव्हतं, पोपटी किंचित पिकलं होतं, पण दोन्ही दारांच्या चौकटी एकाच उन्हात होत्या. मी कोपऱ्यात सही केली. ओली शाई वाळली की अनकोटेडवर आणखी बसते, म्हणून तो प्रत्येक वेळी डोळ्याला बरं वाटेल त्याच्या अंमळ पुढेच नेऊन थांबायचा. हे अंमळ कुठल्याच प्रोफाइलमध्ये नाही.

पुढचं पटकन सांगते. शीट वाळत ठेवले, मग घडी, मग शिलाई. फर्मे क्रमाने उचलून एकावर एक लावायचं काम बाइंडरकडे चार बायका करत होत्या, टेबलाभोवती चालत. उघड्या पाठीवर पोपटी दोरा हा माझा हट्ट. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्यालाही, आणि त्याला पैसे पडत नाहीत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, त्यातलं एक आपल्याच मुंबईत टाउन हॉलला आहे. त्या पाठवल्या. दुकानवाल्यांनी कमिशन सांगितलं तेव्हा किंमत पुन्हा मांडावी लागली. उघड्या पाठीच्या पुस्तकावर नाव कुठून वाचायचं, शेल्फवर कसं दिसणार, हीही त्यांची तक्रार. तक्रार रास्त आहे. त्यावर मैत्रिणीने कागदाची एक पट्टी गुंडाळायला दिली, जी ग्राहक घरी जाऊन पहिली फेकतो.

ज्या घराचा फोटो त्या घराला एक प्रत, हे ठरलेलं होतं. तांदूळवाल्या मावशींनी पुस्तक उघडलं, स्वतःच्या घराकडे बघितलंच नाही, आधी समोरचं घर नीट बघितलं. “त्यांची टाकी लईच मोठी दिसती की,” म्हणाल्या. मग मुलाला हाक मारून आणखी दोन प्रती ठेवून घ्यायला सांगितल्या, पैसे देऊन: एक पाटणला भावाकडे, एक जत्रेला जाताना. गल्लीतून सुटलेल्या प्रतींपैकी बऱ्याच अशा गावाकडे गेल्या. त्या मी कुठल्या दुकानात विकू शकले नसते. पोपटी घरवाले काका मात्र नाराज. रंग उतरलाय म्हणाले, कंपनीचा शेडकार्ड आणून पानाशेजारी धरला आणि मला फरक दाखवला. मी त्यांना लाल शाईची पट्टी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग समोरच्याचं लाल कमी करायचं होतं ना.”

वाशीचे फोटो अजून डब्यात आहेत. इमारती एकेक करून जातायत, तेव्हा थांबून चालणार नाही. मैत्रीण म्हणते, त्या आडव्याच राहू देत, घडीची पट्टी करू. पण शीटला शीट जोडायचा तर प्रत्येक सांधा हाताने चिकटवावा लागेल, आणि सांधा इमारतीच्या मधोमध आला तर कामातून गेलं. सांधा दोन इमारतींच्या फटीत पाडायचा, म्हणजे प्रत्येक फोटोची रुंदी आधी ठरवून काढायची. पुढच्या आठवड्यात मी टेप घेऊन सेक्टर १० ला जातेय, आणि ती बाइंडरकडे सांध्याचा दर विचारायला.